सातवण्याची ओळ

माझ्या भावाची, हरेशदादाची 'जलदेवी' बोट दांड्यावर बसली तेव्हा मी धक्क्यावरच उभी होते, हातात फोन घेऊन. फोन सांगत होता पाणी भरलंय. समोरची खाडी सांगत होती, अजून नाही.

आमच्या सातवण्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब दांडा आहे. भरती पुरती आली की त्याच्यावरून बोट आरामात आत येते, आणि जरा लवकर आली की बसते. बोट बसली हे वाईटच, पण त्याहून वाईट म्हणजे मागून येणारी लाट. पहिल्या लाटेने जलदेवी कलली, दुसरीने तिला आडवी ढकलली. बबन खलाशाचा पाय जाळ्याच्या यंत्राखाली सापडला. त्याची हाक धक्क्यापर्यंत आली नाही, पण हात वर केलेला दिसला. 

दोन होड्यांनी जाऊन माणसं आणली. बबनला रिक्षात घालून दापोलीला नेलं. पाय मोडला होता, पण जिवाला धोका नाही असं संध्याकाळी कळलं. बोटीची तळाची फळी फाटली होती. हरेशदादा ओल्या कपड्यांनी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुझ्या फोननं सांगितलं म्हणून आलो, दर्शू," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

आता हा 'माझा फोन' काय प्रकार होता ते सांगते. मी पुण्यात नोकरी करायची, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायची. जन्म मात्र सातवण्याच्या कोळीवाड्यातला. नवीन धक्क्याची भिंत झाली आणि खाडीच्या तोंडाशी वाळू सरकली. आमच्या बाबांसारख्या जुन्या नाखवांचा तिथीवरचा हिशोब त्या भिंतीनं बिघडवला. पाणी आता पूर्वीपेक्षा पाऊण तास उशिरा दांड्यावर चढत होतं. बाबा मान्य करायचे नाहीत, आणि बोटी अधूनमधून घासायच्या.

'पाणीवेळ' नावाचं एक फुकटचं ॲप होतं. ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. देशभरातली माणसं मिळून ते चालवायची, त्याचा सगळा आतला मजकूर उघडा होता, आणि ज्याला वाटेल त्याने आपल्या खाडीची वेळ त्यात सुधारून द्यायची. मुख्य राखणदार कोचीचे मॅथ्यू सर, बंदरातून निवृत्त झालेले. पद्धत अशी: मूळ फाइलची आपली एक प्रत घ्यायची, तिच्यात बदल करायचा, बदल का केला ते दोन ओळींत लिहायचं आणि सरांकडे पाठवायचं. सरांनी हो म्हटलं की तुमचा बदल मूळ फाइलमध्ये जातो, आणि त्या ओळीवर तुमचं नाव कायमचं राहतं. कुठलीही ओळ कुणी बदलली हे कुणीही केव्हाही विचारू शकतं. नाव पुसता येत नाही. हे सगळं सांभाळणाऱ्या व्यवस्थेला गिट म्हणतात. मला ती फार आवडायची. आमच्या गावात कोण काय बोललं याचा दुसऱ्या दिवशी पत्ता नसतो. इथं सगळं लिहिलेलं.

मी खाडीच्या तोंडाशी सुरूचा वासा रोवला, त्यावर तांबड्या रंगाने खुणा केल्या, आणि सुट्टीला आले की पाणी कुठल्या खुणेला केव्हा लागतं ते बघत बसायची. मग सातवण्याची ओळ सुधारून पाठवली. सरांनी ती घेतली. गावातल्या बोटवाल्यांना मी अक्षरशः हातापाया पडून ते ॲप घ्यायला लावलं. पावसाळ्यानंतर एकही बोट घासली नव्हती. आणि आता ही जलदेवी.

घरात बसवेना. आमच्याकडे फोन लागायचा, पण इंटरनेट मिळायचं ते वर पाण्याच्या टाकीपाशी. चढ चढून गेले, दम लागला तरी थांबले नाही, आणि टाकीला पाठ टेकून फाइल उघडली. सातवण्यापुढचा आकडा जुना होता. मी दुरुस्त केलेला गेला कुठं? मग ओळीला विचारलं, तुला कुणी बदललं. उत्तर आलं: दर्शना पावसे.

माझंच नाव. मी डोळे मिटले, परत उघडले, परत विचारलं. परत दर्शना पावसे. बदलाचा निरोप होता: 'पालशेण खाडीची नोंद जोडली.' तारीख भाऊबीजेच्या आदल्या दिवशीची, आणि दिवाळीनंतर बाहेर पडून परतणारी पहिली बोट जलदेवीच.

पालशेण म्हणजे जागृती वहिनीचं माहेर.

तेव्हा लख्ख आठवलं. हरेशदादाची बायको, माझी वहिनी, वयाने माझ्याएवढीच. बी.एस्सी. करून लग्न होऊन आली आणि भाकऱ्या, जाळी आणि मासळी वाळवणं यात पडली. गणपतीत मी तिला माझ्या लॅपटॉपवर गिट शिकवलं होतं. तिने त्याच दिवशी तिच्या माहेरच्या खाडीची नोंद लिहायला घेतली होती आणि अर्धीच ठेवली होती. दिवाळीत मी दापोलीला खरेदीला गेले, लॅपटॉप तिच्याकडे ठेवून. जाताना म्हणालेही होते, "वहिनी, पालशेण पुरं करून टाक ना." ती हसली होती. "भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो वन्सं. या वेळी मीच नितेशला काहीतरी देते."

काय झालं असेल ते मला टाकीपाशी उभ्या उभ्या दिसलं. तिची प्रत गणपतीतली, म्हणजे माझ्या दुरुस्तीच्या आधीची. पाठवताना गिटने तिला अडवलं असणार: फाइल दोघांनी बदलली आहे, कुणाची ठेवू, तुझी की समोरची? आणि तिने आपली ठेवली, पालशेणची ओळ जाऊ नये म्हणून. तिच्या प्रतीबरोबर सातवण्याचा जुना आकडा परत आला आणि माझा गेला. नवशिकी माणसं हमखास हेच करतात. मीही पूर्वी केलंय, फक्त माझ्या वेळी कुणाची बोट फुटली नव्हती. आणि लॅपटॉप माझा, तेव्हा त्यात नाव माझंच भरलेलं. तिने काहीही केलं तरी ते माझ्या नावावरच जाणार होतं.

मॅथ्यू सरांचा निरोप येऊन पडला होता. कुणीतरी त्यांना अपघाताचं कळवलं होतं. त्यांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं की, दर्शना, तूच दिलेली दुरुस्ती तूच पुसलीस, असं का? आणि खाली आणखी एक वाक्य: तुझं नाव पाहिलं म्हणून मी नीट तपासलंच नाही, हा माझा दोष. आता सातवण्याचा कुठलाही बदल तुझ्या एकटीच्या शब्दावर मी घेणार नाही. गावातल्या दुसऱ्या कुणीतरी पाणी बघून सांगावं.

रागाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरांवर नाही, वहिनीवर. उतरताना मी मनातल्या मनात तिला काय काय बोलले ते लिहीत नाही.

ती मागीलदारी मासे साफ करत होती. मी लॅपटॉप तिच्यासमोरच्या पाटावर ठेवला, ओळ दाखवली, आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. तिच्या हातातली सुरी तशीच राहिली. तिला आधी कळेना, मग कळलं. आणि कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"म्हणजे माझ्या माहेरचं पाणी बरोबर झालं," ती म्हणाली, "आणि इथलं चुकलं."

तिने सुरी खाली ठेवली.

"वन्सं, हे ऐकल्यावर या घरात मला कोण उभं करील? बबनची आई काय म्हणेल? म्हणतील, माहेर तारलं आणि नवऱ्याला बुडवायला निघाली."

तसं म्हणणारच होते. आमच्याकडे नवी सून काय शिजवते यावर आठवडाभर बोलतात. हे तर जन्मभर पुरलं असतं. नितेशशी आमच्या लोकांचा आधीच मासळीच्या जागेवरून वाद होता. मी म्हटलं, "कुणाला काही सांगू नकोस. नाव माझं आहे, माझंच राहू दे." ती मासे धुवून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बैठक बसली. बर्फाच्या लाद्या उतरायच्या त्याच पडवीत सगळे दाटीवाटीने बसले होते. मला एका जागी बसवेना. मी खांबापाशी उभी राहिले. अध्यक्ष कमळाकर तांडेल, माझ्या बाबांच्या वयाचे, शांत माणूस. त्यांनी विचारलं, आकडा बदलला कुणी ते त्या यंत्रात दिसतं असं तू म्हणायचीस, मग दिसतंय का. सगळे माझ्याकडे बघत होते. हरेशदादा दारात उभा होता.

मी म्हटलं, "माझ्या नावावर आहे."

खोटं बोलले नाही. पण खरंही बोलले नाही. हरेशदादाने चपला घातल्या आणि तो निघून गेला. पडवीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, शिकलेल्यांचं हे असंच. कुणी म्हणालं, पोरीनं मुद्दाम थोडंच केलं असेल. बाबांनी माझ्याकडे पाठ फिरवली, आणि ते मला सगळ्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग कमळाकरकाकांनी निर्णय सांगितला. उद्या पहाटे बोटी जायच्या आहेत. कुणीही ॲप बघायचं नाही. जुन्या हिशोबाने, तिथीवर, परत यायचं.

 जुना हिशोब म्हणजे तोच चुकीचा आकडा. भिंत होण्याआधीचा. उद्याची भरती संध्याकाळची, तेव्हा बारा-पंधरा बोटी एकदम दांड्याशी येणार आणि सगळ्या पाऊण तास आधी. मी सांगायला गेले. "काका, भिंतीमुळे पाणी उशिरा चढतं, तुम्ही स्वतः बघितलंय," एवढंच म्हणू शकले. काका म्हणाले, "बाय, कालपर्यंत ऐकलं ना तुझं." 

दुपारभर मी घर आणि टाकी, टाकी आणि घर अशा येरझाऱ्या घातल्या. सरांना लिहिलं. सरांचं उत्तर तेच: दुसरं माणूस हवं. कुणाला विचारू? ॲपमध्ये नोंद करता येणारं गावात दुसरं कोण होतं? एकच होती, आणि तिला मीच गप्प बसायला सांगितलं होतं. आता तिला पुढे ये म्हणणं म्हणजे तिला विहिरीत ढकलण्यासारखं होतं. मग वाटायचं, आणि त्या पंधरा बोटी? मग परत टाकी. आई वैतागून म्हणाली, गो, पायाला भिंगरी बांधलीय का, आणि ही जागृती कुठं गेली जेवण अर्धं टाकून?

जागृती खरंच घरात नव्हती.

ती आली दिवस कलल्यावर. साडी गुडघ्यापर्यंत ओली, पायाला चिखल, केसांत वाळू. आईने काय विचारलं ते तिने ऐकलंच नाही. सरळ माझ्यासमोर आली.

"वाशापाशी होते. पाणी चढायला लागल्यापासून उतरायला लागेपर्यंत. वन्सं, तुमचाच आकडा बरोबर आहे."

मग तिने हात पुसले आणि म्हणाली, "लॅपटॉप घ्या. वर टाकीवर जाऊ."

वाटेत ती भराभर पुढे चालली, आणि मी इतकी बोलले की मलाच माझा कंटाळा आला. सांगत होते, घाई करू नकोस, आपण दुसरं काहीतरी बघू, मी सरांशी परत बोलते. टाकीपाशी पोचल्यावर ती कठड्यावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि विचारलं, "यात नाव कसं बदलतात?"

"कुणाचं नाव?"

"तुमचं काढून माझं घालायचंय."

मी तिच्याशेजारी बसले. "वहिनी, नीट ऐक. हे पुसता येत नाही. उद्या तुझी पोरं मोठी होतील, ती कॉम्प्युटर शिकतील, आणि त्यांनाही हे दिसेल. मलाही काढता येणार नाही, सरांनाही नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.

मी नाव कसं बदलतात ते दाखवलं. तिने टाइप केलं: जागृती हरेश पावसे. मग सातवण्याचा आकडा दुरुस्त केला. या वेळी गिटने अडवलं नाही, पण पाठवण्याआधी तिने दोनदा तपासलं, पालशेणची ओळ जागेवर आहे ना, इतर खाड्या आहेत ना. मग निरोप लिहायला घेतला. निरोप लिहिताना तिने मला बघू दिलं नाही. लॅपटॉप वळवून घेतला. पाठवल्यावर मात्र परत माझ्याकडे वळवला.

'सातवणे खाडीची वेळ परत बरोबर केली. आज मी स्वतः वाशापाशी उभी राहून पाणी बघितलं. माझ्या माहेरची पालशेण खाडी जोडताना ही वेळ माझ्या हातून पुसली गेली होती. तो बदल दर्शना पावसे यांच्या नावावर दिसतो, पण केला मी. त्यामुळे माझ्या नवऱ्याची बोट फुटली आणि बबनदादाचा पाय मोडला. चूक माझी आहे, आकड्याची नाही.'

मला रडू आवरलं नाही. ती रडली नाही. तिने पदराने पायाचा चिखल पुसला आणि म्हणाली, खाली जाऊ, भात टाकायचाय.

सरांनी बदल दुसऱ्या दिवशी सकाळीच घेतला. त्या ॲपमध्ये एक सोय होती, माझ्याच हौसेने केलेली: एखाद्या खाडीची वेळ बदलली की का बदलली तो निरोप तिथल्या सगळ्यांच्या फोनवर जायचा. भाऊबीजेला आलेला निरोप नुसता पालशेणचा वाटला, म्हणून कुणीच, मीसुद्धा, लक्ष दिलं नव्हतं. ॲप बघायचं नाही असं ठरलं होतं खरं, पण फोन तर सगळ्यांच्या खिशात होते. बोटी पहाटेच गेल्या होत्या. हरेशदादा मोतीरामकाकांच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. समुद्रात किनाऱ्यालगत रेंज येते तेव्हा तो निरोप प्रत्येक बोटीवर पोचला असणार. कुणी काय म्हणालं मला माहीत नाही.

घरी बाबांना सगळं कळलं ते कमळाकरकाकांकडून. काका दारात उभे राहूनच बोलून गेले. जागृती आत चुलीपाशी होती, आणि तिचा पाट्यावर वाटण वाटण्याचा आवाज थांबला होता. मी उंबऱ्यात उभी. आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी ओसरीवरच्या जाळ्याचे शिशाचे गोळे चाचपले. मग आतल्या दिशेने म्हणाले, "पालशेणचं पाणी बरोबर दाखवतं ना आता?"

आतून आवाज आला, "हो, मामंजी."

"मग बरं," बाबा म्हणाले. "तिकडेही माणसंच आहेत."

एवढ्यात माझा फोन वाजला. हरेशदादा. दोन दिवस माझ्याशी न बोललेला माणूस. इंजिनाचा आवाज येत होता, तो ओरडून बोलत होता. मी म्हटलं, "दादा, ऐक, तुला सांगते—" तो म्हणाला, "तुला नाही गो. जागृतीला दे."

मी फोन आत नेऊन दिला. तिने ओल्या हाताने तो कानाला लावला. पलीकडून तो काय म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आलं, कारण तो अजूनही ओरडतच होता.

"सगळ्या बोटी इथं आहेत. विचारतायत. आम्ही केव्हा आत येऊ?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही, फोनच्या पडद्याकडेही नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "पाच वाजेपर्यंत बाहेर थांबा. वाशावरची शेवटची तांबडी खूण बुडाली की मी पदर हलवेन. आधी येऊ नका."

आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. बाबासुद्धा आले. दांड्याच्या पलीकडे बोटी ओळीने उभ्या होत्या, इंजिनं बारीक आवाजात चालू, एकही पुढे सरकत नव्हती. धक्क्यावरचे व्यापारी घड्याळ बघत होते.  मी चार पावलं पुढे जायची, चार मागे यायची. बबनची आई आमच्यापासून दूर उभी होती. जागृती खाली वाळूत उतरून थेट वाशापाशी जाऊन उभी राहिली, आणि पाणी तिच्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना लागलं, तरी हलली नाही.

खूण बुडाली. तरी ती थोडी थांबली. मग तिने पदर मोकळा केला आणि हलवला.

पहिली मोतीरामकाकांची बोट निघाली. सुकाणू काकांनी हरेशदादाच्या हाती दिलं होतं. दांड्यावरून बोट आत आली आणि तळाला ओरखडाही उठला नाही. तिच्या मागून एकेक करून सगळ्या आल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. 'पाणीवेळ' अजून चालतं, वाळूही अजून सरकते, आणि सातवण्याच्या ओळीवर त्यानंतर किती तरी बदल झाले. ते जवळजवळ सगळे जागृती हरेश पावसे यांच्या नावावर आहेत. मी पुण्यात असते. कधी फार अस्वस्थ वाटलं, काही सुचेनासं झालं, की मी ती फाइल उघडते आणि त्या ओळीचा सगळा इतिहास विचारते. अगदी खालून वाचत येते, माझं नाव, मग माझ्या नावावरचा तिचा बदल, मग तिचा तो निरोप.